सुभेदारांनी काढलेले दोरे

चहा निवायच्या आत सांगून होईल, किस्सा एवढासाच आहे. आमचे वडील, म्हणजे दादा, फौजेतून सुभेदार होऊन मेढ्याला परतलेले. बहात्तर-त्र्याहत्तर साल असेल. ताई गाणं शिकायची, म्हणून त्यांनी सांगलीच्या एका म्हाताऱ्या कारागिराकडून तिला तंबोरा आणला. आठवडाभर घर नुसतं घुमत होतं. मग एका सकाळी ताईनं तारा छेडल्या, तर पत्र्याचा डबा वाजवल्यासारखा आवाज. तिची गाण्याची परीक्षा चार दिवसांवर आलेली. ती रडायला लागली आणि दादा तापले.

"फसवलं त्यानं," म्हणत त्यांनी तंबोरा फौजी कांबळ्यात गुंडाळला आणि एसटीत मांडीवर घेऊन आम्ही सांगली गाठली.

कारागिरानं तंबोरा निरखला आणि शांतपणे विचारलं, "सुभेदारसाहेब, तारांखालचे दोरे कुठं हाईत?"

"ते व्हय? चार दोरे लोंबत हुते. पुसताना काडून टाकले. आमच्या पलटणीत लोंबता दोरा चालत न्हाई."

म्हाताऱ्यानं आपल्याच धोतराचा दोरा तोडला, तारेखाली हलकेच सरकवला आणि तार छेडली. दुकान भरून गेलं.

"ह्याला जवारी म्हनायची," तो म्हणाला. "सूर तारंचा, पन त्यातली गुंज ह्या दोऱ्याची."

बाकीच्या तीन तारांखालीही दोरे घालून घेऊन आम्ही मेढ्याला परतलो. ताई पास झाली.

पुढं जन्मभर, कुणाच्या सदऱ्याचा दोरा लोंबला आणि दादांचा हात तिकडं गेला, की आई चुलीपासूनच म्हणायची, "ऱ्हाऊ द्या. जवारी असंल."