देवघरात ठेवलेली बाटली

तुम्ही हसाल, पण नाचणगावला असताना माझी झोपच उडाली होती. जुन्या पाइपातलं शिसं पाण्यात उतरतं आणि मुलांच्या मेंदूला बाधतं, असं कुठेतरी वाचलं होतं. आमच्या रेखाच्या शाळेतला नळ तर फारच जुना. शेवटी त्याचं पाणी मी बाटलीत भरून आणलं. आमचे हे दुसऱ्या दिवशी ती बाटली नागपूरला तपासायला नेणार होते. कुणाचा हात लागू नये म्हणून मी ती देवघरात ठेवली. शिकलेली ना मी!

सकाळी बघते तर सासूबाई त्यातलंच पाणी तीर्थ म्हणून वाटताहेत. सासऱ्यांनी घेतलं, शेजारच्या काकूंनी पिऊन हात डोक्यावरून फिरवला. आता रेखाची ओंजळ पुढे.

"आई, थांबा! ते गंगाजल नाही, शाळेच्या नळाचं पाणी आहे. त्यात विष असेल!"

"मंग देवापाशी काऊन ठेवलं व माय?" सासूबाई कडाडल्या. "अन् पोरगी रोज शाळेत हेच पेते, ते चालते तुले?"

"म्हणून तर तपासायचंय!"

रेखानं आम्हा दोघींकडे पाहिलं.

"आई, ते पाणी कोणीच पेत नाई. पेवाले आम्ही हापशीवर जातो. त्या नळावर पाट्या धुतो."