हिरवं कुणी दाबलं

—बसा, बसा की, उभं राहून काय होणारय, पण तो पेढ्याचा डबा आधी त्या कीबोर्डवरनं उचला. आणि भूमला येताना कुणी पेढे आणतं का हो? इथं गल्लोगल्ली खव्याच्या भट्ट्या, आणि तुम्ही ढोकीवरनं पेढे घेऊन आलाव! आईनं दिले? बरं. आईंना सांगा, छान आहेत. न्हाय, मी खाल्ले न्हाईत, खाणारबी न्हाय, पण सांगा. तर पुन्हा एकदा, सावकाश — तुम्ही शंभुलिंग, कारखान्याच्या लॅबमध्ये कामाला. आपल्या समाजाच्या वधू-वर ॲपवर नाव घातलं, तिथं भुवनेश्वरी नावाच्या मुलीचं स्थळ बघितलं, पसंती कळवली, आणि परवा तुमच्या फोनवर हिरवी खूण आली. मुलीचा होकार. म्हणून आज एसटीत बसून इथं. बरोबर? तर भुवनेश्वरी मीच. आणि ते ॲपबी मीच केलंय, ह्या खताच्या दुकानाच्या माडीवर बसून, ह्याच टेबलावर. आणि होकार मी दिलेला न्हाय.

असं बघू नका. मला येड लागलेलं न्हाय. दाखवा तो फोन — दाखवा म्हणते ना! हां. हिरवी खूण, आणि खाली काय लिहिलंय? वाचा. मोठ्यानं वाचा. "मुलीनं स्वतः होकार दिला आहे." स्वतः! हे वाक्य माझं आहे. दोन दिवस घालवले होते मी ह्या एका वाक्यावर. "पसंती मिळाली" लिहून बघितलं, "स्थळ मंजूर" लिहून बघितलं — मंजूर काय, ते काय सातबाऱ्याचा फेरफार आहे? मग "स्वतः" घातलं तवा कुठं जिवाला बरं वाटलं. अख्खं ॲप त्या एका शब्दासाठी केलं होतं मी. आणि आज तोच शब्द एक अनोळखी माणूस माझ्या तोंडावर आणून दाखवतोय. तुमच्यावर न्हाय हो राग. म्हणजे — तुमच्यावरबी आहे थोडा, पण तुम्ही रांगेत मागं आहाव.

कुणी दाबलं विचारता? अप्पांनी. हणमंतप्पा, माझे चुलते. ओळखता ना? ओळखणारच, जिल्ह्यात आपल्या समाजाचं लग्न त्यांच्या वहीतनं गेल्याबिगर जुळतच न्हाय. तीस वर्षं झाली, खाकी पुठ्ठ्याची वही, एकीकडं मुलं, एकीकडं मुली, आणि बायोडाट्यावर फोन नंबर त्यांचाच. मुलीचा नंबर कोण छापतं आपल्यात? मुलीचा नंबर छापला तर गाव काय म्हणंल! बापाचाबी छापत न्हाईत, उगी भलतेच फोन यायचे — अप्पांचा छापा, अप्पा बघून घेतील. तसा दस्तूरच आहे. मी पुण्याची नोकरी सोडून आले तवा त्याच वहीचं ॲप करायचं ठरलं. समाजाच्या बैठकीत उभं राहून मी सांगितलं होतं, हे बघा, एकदाच लिहिलेलं ॲप आहे, पोराच्या आयफोनवर चालतं आणि अप्पांच्या चिरा गेलेल्या अँड्रॉइडवरबी चालतं, माहिती सगळी क्लाउडवर, वही हरवायची भीती न्हाय. माना डोलवल्या सगळ्यांनी. मग मी म्हणले, पण एक गोष्ट — होकार मुलगीच देणार, तिच्या स्वतःच्या नंबरावर ओटीपी येणार, तिनं आकडे भरल्याबिगर दार उघडणार न्हाय. आणि मग बघायचं होतं तुम्ही. बैठकीत एकदम चहाच आला.

तुम्ही लॅबमधले, तुम्हाला समजंल. दारावर दोन प्रश्न असतात. पहिला — तू कोण? त्याचं उत्तर ओटीपी देतो. दुसरा — आत आलास, ठीक, पण कशाला हात लावायची तुला परवानगी आहे? त्याचा नियम क्लाउडवर लिहून ठेवावा लागतो. मी लिहिला होता. एक ओळ. होकाराच्या रकान्यात फक्त जिचा बायोडाटा तिनंच लिहावं, दुसऱ्या कुणी न्हाय, तिच्या बापानंबी न्हाय, मीसुद्धा न्हाय. एवढी साधी ओळ, पण लिहिली तवा मी खुर्चीवरनं उठून खिडकीत जाऊन उभी राहिले होते. हसायलाव काय? हसा.

मग अप्पा म्हणले, "बयो, निम्म्या पोरींकडं फोनच न्हाय, असला तर भावाचा. बाप तुला नंबर देणार न्हाईत. तुझं ॲप रिकामं राहणार, आन् समाजाच्या वधू-वर मेळाव्यात माझी मान खाली जाणार. पालकाचा नंबर चालू दे की." मी न्हाय म्हणले. दोन महिने न्हाय म्हणले. दोन महिन्यांत नावं किती आली माहिताय? चार. त्यातलं एक माझंच, तपासायला घातलेलं. आणि मेळावा तोंडावर. बाबा गेल्यावर अप्पांनीच मला शिकवलं, लातूरला सोडायला आले होते, वसतिगृहाच्या फाटकाबाहेर दुपारभर उभे होते. त्या माणसाला किती दिवस न्हाय म्हणायचं? एका दुपारी बसले आणि त्या ओळीत एक शब्द घातला. मुलगी "किंवा" पालक. कोडमध्ये "किंवा" लिहायला दोन उभ्या रेघा मारतात, बस, दोन रेघा. बापलोकांचा विश्वास बसावा म्हणून सगळ्यात आधी माझ्याच बायोडाट्यावर पालक म्हणून अप्पांचा नंबर टाकून दाखवला. बघा, मीच टाकलाय, घाबरू नका! आठवड्यात अडतीस नावं आली. सगळ्यांच्या पुढं पालकाचा नंबर एकच. अप्पांचा.

आता क्लाउडला चुलता-मामा कळतो का? त्याला एवढंच कळतं, ह्या नंबरावर आकडे गेले, ते कुणीतरी बरोबर भरले, म्हणजे हा तोच. अप्पा सकाळी पूजा उरकून कट्ट्यावर बसणार, चष्मा कपाळावर, फोन नाकाला लावून एकेक स्थळ उघडणार आणि हिरवं दाबत जाणार. पाप वाटत न्हाय त्यांना. विचारलं मी काल. काय म्हणले ठाऊकाय? "लाल दाबलं तर स्थळ जातंय, हिरवं दाबलं तर पुढं सरकतंय. मग लाल कशापायी दाबू? पोरगी न्हाय म्हणाली तर म्हणंल की पुढं." पुढं कुठं? पुढं कुठं म्हणंल ती? पुढं तर तुम्ही पेढे घेऊन उभे! पाहुणे दारात, आई आत पोहे फोडणीला टाकायलीय, बाप म्हणतोय तूच हो म्हणलीस ना, ॲपवर लिहिलंय ना — स्वतः. मी दोन रेघा मारल्या, पण ते वाक्य बदललं न्हाय. नियम बदलला, वाक्य तसंच ठेवलं. कारण ते वाक्य मला आवडत होतं. कुंपणानंच शेत खाल्लं म्हणतात ना, ते कुंपण मी आहे.

पाणी घ्या. तो जार आहे, तिथं. मी ओरडले की खालनं दुकानदार काठीनं छत ठोकतो, लक्ष देऊ नका.

काय म्हणलाव? तुमचं स्थळ बघून मला वाईट वाटलं न्हाय ना? न्हाय हो, तुमचं काही वाईट न्हाय. तुम्ही तर — मी फॉर्ममध्ये एक प्रश्न मुद्दाम घातला होता, लग्नानंतर मुलीनं नोकरी करावी का. सगळे लिहितात, हरकत नाही, घर सांभाळून, आईवडिलांना विचारून. तुम्ही लिहिलं, "हे मला का विचारता, तिला विचारा." मला कसं माहीत? ॲप माझं आहे, मला सगळं दिसतं. म्हणजे दिसायला नको, नियमानं नको, पण मालकिणीच्या खात्यातनं दिसतं. बघितलं मी. एकदा — एकदा न्हाय. नोंद राहते ना, कुणी कुठलं पान कितींदा उघडलं. राहू द्या ते. प्रश्न तो न्हाय! प्रश्न असा की कदाचित मीच दाबलं असतं. आज न्हाय, आठ दिवसांनी, पंधरा दिवसांनी, दारं लावून, कुणाला न सांगता, माझ्या बोटानं. आता कसं कळणार? मला स्वतःलाच आता कधी कळणार न्हाय. राग त्याचा आलाय मला. चोरी झाली तर वस्तू परत मिळते कधीतरी, हे कुठं मागायचं?

काल बघितलं न्हाय मी हे. तीन महिन्यांमागं बघितलं. हां. मेळाव्याच्या आदल्या सोमवारी. नोंदी चाळत होते, आणि एकाच नंबरावरनं होकार, होकार, होकार, अडतीस, सगळे नऊ मिनिटांच्या आत. नऊ मिनिटांत अडतीस पोरींनी नवरे पसंत केले! मला समजलं तेव्हाच. समजून मी लॅपटॉप मिटवला. मेळाव्यात माइकवरनं सांगितलं गेलं, "आपल्या भूमच्या लेकीनं केलेल्या ॲपवर अडतीस मुलींनी स्वतः होकार दिला", टाळ्या पडल्या, मी उठून हात जोडले. शाल आहे ती तिथं, कपाटावर. बीडचे लोक आले होते, आम्हालाबी करून द्या म्हणत. म्हणलं, मेळावा होऊ दे, मग दुरुस्त करू. मेळावा झाला. म्हणलं, बीडचं ठरू दे. आणि तसंबी कुणी तक्रार केली न्हाय ना.

केली. एकीनं केली.

ईट गावची महेश्वरी. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. महिना झाला, ह्याच खुर्चीवर बसली होती, तुम्ही बसलाव तिथं. कॉलेजची बॅग मांडीवर. म्हणली, ताई, मी हिरवं दाबलेलंच न्हाय, मग झालं कसं? ते लोक परवा घरी येऊन गेले, बाप म्हणतोय तू कळवलंस म्हणून आले. माझ्यासमोर ही स्क्रीन उघडी होती. त्यावर अप्पांचा नंबर होता, वेळ होती, तारीख होती. नुसती स्क्रीन तिच्याकडं फिरवायची होती. एवढंच. आणि मी काय म्हणले? म्हणले, "तूच दाबलं असशील बघ. आठवून बघ. घाईत बोट लागलं असंल." — तुम्ही कशाला खाली बघायलाव? तुम्ही न्हाय म्हणलाव, मी म्हणले. तिनं डोळे मिटून आठवून बघितलं हो! खरंच बघितलं. आणि म्हणली, "असंल मग, ताई. भावाच्या फोनवर कधी कधी उघडते मी. उगी तुम्हाला तरास दिला." मला सॉरी म्हणून गेली ती. जिना उतरताना चप्पल हातात घेतली होती, खालच्या दुकानात आवाज नको म्हणून.

शुक्रवारी साखरपुडा झाला तिचा. मला बोलावलं होतं, मानानं, ॲपवाली ताई म्हणून. गेले. जेवले. तिला कुंकू लावलं ह्या हातानं. आणि परवा तुमच्या फोनवर माझ्या नावापुढं हिरवी खूण आली, काल अप्पांनी कौतुकानं सांगितलं, "तुझंबी जमवलं बघ", तवा कुठं माझ्या अंगाची लाही झाली. एकीचं झालं तवा झाली न्हाय. अडतीस जणींचं झालं तवा झाली न्हाय. माझं झालं तवा झाली. कसली माणसं असतो आपण! अप्पांना बोलले मी काल, नको नको ते बोलले, ते जेवले न्हाईत रात्री. आणि ते तरी निदान डोळ्यांवर चष्मा नसताना दाबत होते.

थांबा, इकडं बघा. ही ती ओळ. ह्या दोन रेघा आणि त्याच्या पुढचं "पालक" — खोडलं. तुमच्यासमोर. आणि हे सगळे होकार, अडतीस आणि माझा एक, पुसले. सगळ्या पालकांना त्यांच्या खात्यातनं बाहेर काढलं, आता अप्पांच्या फोनवर ॲप पुन्हा नंबर विचारंल. उद्या बापलोक खाली दुकानासमोर गोळा होतील, होऊ देत. ॲप रिकामं होईल, होऊ दे. तुमचा फोन बघा. गेली खूण? पांढरं झालं ना? झालं. एका मिनिटाचं काम होतं. तीन महिन्यांत एक मिनिट मिळालं न्हाय मला.

न्हाय, आता विचारू नका. आता तुम्ही फार चांगल्या आवाजात विचारायलाव, म्हणूनच विचारू नका. मी हो म्हणले तरी मला खोटं वाटंल आणि न्हाय म्हणले तरीबी. आईंना काय सांगायचं? खरं सांगा, मुलीनं काहीच सांगितलं न्हाय.

आणि उठा आता. मला ईटची गाडी धरायचीय, बाजाराचा दिवस आहे, उशीर झाला तर जागा मिळत न्हाय. ईटला साखरपुडा क्लाउडवर झालेला न्हाय, तो इथं बसून पुसता येत न्हाय. तिच्या बापासमोर उभं राहावं लागंल, पाहुण्यांकडं जावं लागंल, मोडंल न मोडंल, तिची मर्जी, ते तिला विचारतील — विचारायला लावीन मी. पण त्याच्या आधी ती एकटी भेटली पाहिजे, दोन मिनिटं. बोट तुझं नव्हतं, महेश्वरी, आणि तू विचारलंस तवा मला ते माहीत होतं. एवढंच बोलायचंय. सकाळपासनं बोलून बघायलेय, पहिलं निम्मं येतं तोंडातनं, पुढचं—

सरका की. दार अडवू नका.