प्रमोदिनीताईंचं आभारप्रदर्शन

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि ‘मैत्र भारतीय सांस्कृतिक केंद्रा’चे संस्थापक माननीय हरिहरपंत मुजुमदार, कार्यवाह चिरंजीव स्वप्निल, ज्यांच्यासाठी हा सगळा घाट घातला आहे त्या सत्कारमूर्ती श्रीमती प्रमोदिनीताई आगटे, आणि दाराजवळच्या खुर्च्या आधीच पटकावून बसलेल्या दूरदर्शी रसिकहो,

निरोपाच्या प्रसंगी तक्रार करू नये, असा शिष्टसंमत संकेत आहे. परंतु ज्या अन्यायाविरुद्ध या सभागृहात आजवर कुणी ब्र काढलेला नाही, त्याला वाचा फोडणं मी माझं कर्तव्य समजतो. तो अन्याय म्हणजे हा माईकचा स्टँड. कुण्या उंच डच गृहस्थानं तो आपल्या हनुवटीला बेतून घट्ट करून ठेवला आणि तो सैल करणारा हात अजून आपल्या समाजात जन्माला यायचा आहे. या स्टँडपुढे लोक मंदिरशिल्पांवर बोलले, आयुर्वेदावर बोलले, कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोलले. आणि सगळे डोळ्यांत थेंब घालून घेताना करतात तशी मान वर करून बोलले. परदेशातल्या भारतीय विचारवंताची मान ताठ असते असा जो समज पसरला आहे, त्याचं मूळ इथे आहे. स्वप्निलला विचारलं तर म्हणतो, तक्रार नोंदवून घेतली आहे. केंद्राच्या भाषेत ‘नोंदवून घेतली’चा अर्थ काय होतो हे मला ठाऊक आहे, म्हणून मी माईक सोडूनच बोलतो. मागे ऐकू येत नसेल त्यांनी पुढे यावं. पहिल्या दोन रांगा परंपरेनुसार रिकाम्या आहेत.

आता कार्यक्रमपत्रिकेकडे वळू. ती दारात सगळ्यांना मिळाली आहे. काहींनी तिच्यात चकली गुंडाळली असेल, त्यांनी शेजाऱ्याची पाहावी. दीपप्रज्वलन, तेही विजेच्या समईचं, कारण धुराच्या अलार्मला आपली संस्कृती मान्य नाही. मग स्वागत, सत्कार, मनोगत. आणि अगदी शेवटच्या ओळीत: आभारप्रदर्शन, प्रमोदिनी आगटे.

म्हणजे ज्या बाईंना आपण निरोप देतो आहोत, त्यांनीच शेवटी उभं राहून, आपण त्यांना निरोप दिल्याबद्दल आपले आभार मानायचे.

मी स्वप्निलला बाजूला घेऊन विचारलं. आधी तो म्हणाला, सर, जुनी पत्रिका कॉपी केली. मग जरा वेळानं, चांगला मुलगा आहे म्हणून, खरं बोलला: “आभाराला दुसऱ्या कुणाचं नाव डोक्यातच आलं नाही.”

यात दुष्टपणा नाही. दुष्टपणा असता तर मला बोलायला सोपं गेलं असतं.

जे अलीकडेच या देशात आले आहेत त्यांना आभारप्रदर्शन ही काय चीज आहे ते सांगायला हवं. निवेदक म्हणतो, ‘आणि आता आभार’. त्या शब्दासरशी या सभागृहात शाळा सुटते. कोटांच्या चेनी वर जातात. सायकलच्या किल्ल्या खुळखुळतात. कुणाला पार्किंगची वेळ आठवते, कुणाला बेबीसिटर. उरलेला रसिकवर्ग मागच्या टेबलावरच्या बटाटेवड्यांकडे शिस्तीत सरकतो. आभार मानणाऱ्याच्या समोर उरतात त्या पाठी. प्रमोदिनीताईंनी गेली कितीतरी वर्षं आपल्या पाठींचे आभार मानले आहेत.

मी मात्र बसून राहायचो. माझ्या रसिकतेबद्दल कुणी गैरसमज करून घेऊ नये. मी राहतो कापेल आन डेन आयसेलला, आणि तिथे ‘इतका उशीर का?’ असं विचारणारं घरात कुणी नाही. पत्नी पुण्याला परत गेली त्याला बरीच वर्षं झाली. आमचे संबंध आता उत्तम आहेत, दोन दूतावासांचे असतात तसे. सणासुदीला शुभेच्छांची देवाणघेवाण होते. अशा माणसाला आभारप्रदर्शन संपूर्ण ऐकायला भरपूर सवड असते.

आणि ते ऐकण्यासारखं असायचं. नृत्याच्या कार्यक्रमात एका मुलीच्या घुंगरांची दोरी तुटली, तेव्हा स्वयंपाकघरातला पार्सल बांधायचा सुतळीचा गुंडा ज्यांनी पळत आणून दिला, त्यांचे आभार ताईंनी नावासकट मानले. चित्रपटाची उपशीर्षकं भलत्याच भाषेत आली, तेव्हा ‘काहीही न कळता शेवटपर्यंत बसलेल्या सभ्य प्रेक्षकांचे’ मानले. वारली चित्रांच्या प्रदर्शनात एक चित्र आठवडाभर उलटं टांगलेलं होतं. ज्या डच आजोबांनी कुणाचाही पाणउतारा न करता ते सरळ करून ठेवलं, त्यांचेही मानले. व्याख्याता काय बोलला हे मला एकदाही आठवत नाही. त्या संध्याकाळी कोण कुणाच्या उपयोगी पडलं, हे ताईंमुळे आठवतं.

शेवटचं वाक्य मात्र ठरलेलं. ताई नायमेखनहून यायच्या. दीनानाथ आगटे तिथल्या चिपच्या कंपनीत इंजिनिअर; त्यांच्याबरोबर डिपेंडंट व्हिसावर त्या या देशात आल्या. दीनानाथ केंद्रात कधी आले नाहीत. ते ताईंना मोटारीनं स्टेशनवर सोडायचे, गाडी हलेपर्यंत फलाटावर उभे राहायचे आणि परत जायचे. म्हणून ताई दर वेळी म्हणायच्या: “आणि मला स्टेशनवर सोडणारे आमचे हे. त्यांना कार्यक्रमातलं काही कळत नाही, पण गाडीची वेळ कळते.” यावर वड्यांच्या रांगेतूनसुद्धा हशा यायचा.

मागच्या वर्षी दीनानाथ गेले. तेव्हा आपण सगळे नायमेखनला धावलो, हे आपल्या श्रेयाचं आहे. डबे इतके नेले की फ्रीजरचं दार लागेना. मग आपण परत आलो. नंतर काहीजण पुन्हा गेले, ते डबे परत आणायला. हेही नोंदवून घ्यावं.

त्यानंतर ताई पहिल्यांदा इथे आल्या त्या पायऱ्यांच्या विहिरींच्या छायाचित्रांचं प्रदर्शन उघडलं त्या दिवशी. आभार अर्थातच त्यांच्याकडे. आपण अर्थातच उठलो. त्यांनी छायाचित्रकाराचे मानले, खिळे ठोकणाऱ्यांचे मानले, आणि सवयीनं त्या वाक्यावर आल्या. “आणि मला स्टेशनवर सोडणारे आमचे हे...” एवढं म्हणून थांबल्या. चेनी वर जात होत्या. कुणीतरी चटणी संपल्याचं जाहीर करत होतं. ताईंनी हातातल्या कागदाची नीट घडी केली आणि म्हणाल्या, “आज मी बसनं आले.” मग हीटर दुरुस्त करणाऱ्यांचे आभार मानून त्या खाली उतरल्या.

ते वाक्य आपल्यातल्या किती जणांनी ऐकलं, हा प्रश्न मी विचारत नाही. उत्तर मला माहीत आहे, मी समोर बसलो होतो.

त्या संध्याकाळी आम्ही स्टेशनपर्यंत बरोबर चाललो. त्यांनी विचारलं, “अंबरीश, तुम्ही शेवटपर्यंत का थांबता हो? सगळे तर जातात.” मी म्हटलं, मला कापेलला पोचायची घाई नसते. त्या म्हणाल्या, “मलाही नायमेखनची आता नाही.”

नकाशा पाहिलात तर कळेल की इथून, म्हणजे हेगहून, खौडा स्टेशनपर्यंत आमची गाडी एकच. खौड्याला मी उतरून कापेलची गाडी धरतो, त्या पुढे उट्रेख्टला जाऊन नायमेखनची गाडी धरतात. तेव्हापासून दर कार्यक्रमानंतर आमचा हा प्रवास. ताई सभागृहात मोजकं बोलतात, पण त्या गाडीत अखंड बोलतात. मला एकदा वाटलं, इतकं काय साठलेलं असतं? तेव्हा त्यांनीच सांगितलं. मुलगी आर्या मास्ट्रिख्टला विद्यापीठात शिकवते, फोन रोज करते, प्रेमळ आहे, मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. नातवाचं डचमध्ये. “म्हणजे मी भाजी वाढते आणि ताटात केक येतो,” त्या म्हणाल्या. “वाईट काही नाही त्यात. केक चांगला असतो. पण अंबरीश, मी महिनाभरात मराठीत जे मोकळं बोलते ते या गाडीत, आणि आभारात.”

तर मंडळी, आपण ज्याला वड्यांची घंटा समजत होतो, ते त्या बाईंचं महिन्याभराचं बोलणं होतं.

एक प्रसंग सांगतो आणि आवरतं घेतो. हरिहरपंत घड्याळाकडे पाहत नाहीत असं दाखवत आहेत, त्यावरूनच वेळ झाल्याचं कळतं. गेल्या डिसेंबरात खौडा यायच्या आधी फोनवर संदेश आला की माझी पुढची गाडी रद्द. मी उतरायला उठलो, तर ताईही पिशवी घेऊन उठल्या. मी म्हटलं, ताई, बसा, तुमची उट्रेख्टहून पुढची गाडी चुकेल. त्या म्हणाल्या, “चुकू दे. तिथे तरी कोण थांबलंय.” फलाटावरच्या काचेच्या खोलीत आम्ही बसलो. बाहेर तो इथला आडवा पाऊस. त्यांनी टिश्यूत बांधलेला एक वडा काढला, अर्धा मला दिला, आणि या केंद्रातल्या प्रत्येक समिती सदस्याबद्दल जे मत सांगितलं ते मी इथे सांगणार नाही. त्यांची एक गाडी गेली, दुसरी गेली. माझी आली तेव्हा त्यांनी मला आत बसवलं आणि काचेबाहेर उभ्या राहून गाडी हलेपर्यंत हात हलवला.

मी या देशात अर्धं आयुष्य काढलं आहे. मला गाडीवर पोचवायला आलेलं ते पहिलं माणूस. मी, जो शब्दांवर पोट भरतो, आतून नुसती मान हलवली. आभार राहून गेले.

आता ताई मास्ट्रिख्टला लेकीकडे जाताहेत. तिथे घर आहे, बाग आहे, नातू आहे. केंद्र मात्र नाही, आणि इथे यायचं तर दिवस जातो. परवा गाडीत त्या हसत म्हणाल्या, तिकडे आता आभार मानायला कुणी उठवणार नाही. त्यात सुटका होती की दुसरं काही, हे मी विचारलं नाही. खौडा आलं होतं.

अध्यक्ष महाराज, आपल्या परवानगीनं मी पत्रिकेतली शेवटची ओळ रद्द करतो. परवानगी मी मागितलेली नाही, ती आपण दिली आहे असं गृहीत धरतो. ताई, तुम्ही बसा. आणि दाराजवळचे रसिकहो, तुम्हीही. वडे पळून जाणार नाहीत.

सभागृह उघडून देणाऱ्यांचे आभार. वडे तळून कपड्यांना तेलाचा वास लावून घेतलेल्या भगिनींचे आभार. खरं बोलल्याबद्दल स्वप्निलचे आभार. दीनानाथ आगटे यांचे आभार. एका माणसाला वेळेवर गाडीवर पोचवणं हे सांस्कृतिक कार्य आहे, हे आपल्या एकाही वार्षिक अहवालात आलेलं नाही. आणि प्रमोदिनीताई, तुमचे. मानणाऱ्याचे आभार मानायची पद्धत नाही, म्हणून शब्द तयार नाहीत, एवढ्यावरच भागवून घ्या.

माझ्या जिभेला धार लावायची सवय आहे. आज ती कुणाला लागली असेल तर उदार मनानं पदरात घ्या, आणि जे बोलायचं राहून गेलं असेल ते माझ्या वयाच्या खाती टाका.

ताई, सामान पुढे गेलं आहे आणि तुम्ही शनिवारी एकट्याच निघणार, असं कळलं. मी सकाळी नायमेखनला येतो. गाडीत चढणार नाही. काचेबाहेर उभा राहीन, ती हलेपर्यंत.