भाग बावन्न, शुक्रवार

नको, पाणी नको बाई, बसते मी — ही खुर्ची लहान आहे पण चालेल, मुलांची आहे ना — तुम्ही पोरीच्या वहीत “उद्या येऊन भेटा” एवढंच लिहिलंत, त्या तीन शब्दांनी रात्रभर डोळ्याला डोळा लागू दिला नाही. उवा झाल्या असतील, कुणाला चावली असेल, नाहीतर पुन्हा बाकावर नाव कोरलं असेल — सगळ्या शक्यता क्रमाने लावल्या, प्रत्येकीला उत्तर तयार ठेवलं. हे नव्हतं त्यात. वर्गात उभं राहून म्हणाली, मी शुक्रवारी मरणार आहे, आईने लिहून ठेवलंय — आणि स्वतःचे खडूसुद्धा वाटून टाकले? सगळे? ... लाल ठेवला. बरं, लाल ठेवला म्हणजे पूर्ण खात्री नसावी तिची. हसत नाहीये मी. मला भीती वाटली की असंच काहीतरी तोंडातून निघतं.

पण तुम्ही असं बघू नका माझ्याकडे, घरात सगळं ठीक आहे. मी गोष्टी लिहिते. प्रवेशाच्या अर्जात आईचा व्यवसाय “लेखिका” लिहिलं होतं मी, तर तुमच्या ऑफिसातल्या क्लार्कनी विचारलं, कुठे छापून येतं? म्हटलं, फोनवर येतं. त्यांनी माझ्यादेखत ते खोडलं आणि “गृहिणी” केलं. आणि मी, चांगली दोन पदव्या घेतलेली बाई, “थँक्यू” म्हणाले. नवरा तरी कुठे वेगळा — “तुझं ते फोनवरचं झालं की भाजी आणशील का” — त्याच फोनवरच्यातून हिची फी जाते, हे त्याला माहीत असतं, फक्त त्याच्या तोंडाला माहीत नसतं. जाऊ दे. तिने वाचलं त्या कागदाचं सांगते. तो कागद गोष्टीचा आहे.

कादंबरी आहे माझी. दर शुक्रवारी एक भाग. पहिले दहा फुकट, पुढच्यांना कुलूप, ज्याला वाचायचं तो पैसे भरून उघडतो. आता माझी नायिका म्हणजे — खिडकीशी उभी राहून विचार करते हो ती. सतरा भाग तेच. लोकांना ती खिडकी पाठ झाली, निघाले एकेक. मग अठराव्या भागात मी शेजारची मुलगी आणली, बिट्टी, सहा वर्षांची. नायिका लिफ्टचं बटण दाबणार तेवढ्यात ती म्हणाली, “लिफ्टला वर जायचंय का, आधी विचार ना.” एवढंच. चारशे जणींनी लिहिलं, बिट्टी हवी. आणि ते वाक्य काही माझं नव्हतं, ते आमच्या हिचं होतं, आमच्याच लिफ्टमधलं. मी फक्त टिपलं.

मग लागली सवय. वेणी घालताना, आंघोळीला, रस्ता ओलांडताना — “थांब, काय म्हणालीस, परत म्हण” — रस्त्याच्या मधोमध, बाई. तिला ताप आला होता तेव्हा कपाळावर पट्ट्या ठेवत होते आणि डोक्यात चाललेलं, “तव्यासारखं तापलेलं” नको, फार वापरलेलं आहे, दुसरं काहीतरी बघ. हे कुणाला बोलले नाही मी आजवर. तुम्हाला का सांगतेय कोण जाणे. खुर्चीच अशी आहे, बसलं की आपण चुकलोय असं वाटतं.

आणि दोन महिने झाले, ती बोलेनाशी झालीये. म्हणजे बोलते — हो, नको, झालं, दे. मला वाटलं वय असेल, दात पडतायत, शाळेत थकत असेल... काय? इथे? दिवसभर? तुम्हाला गप्प बस म्हणावं लागतं? — नाही, काही नाही. आनंदच आहे. शाळेत बोलते म्हणजे चांगलंच आहे की.

तर ती बोलायची थांबली आणि बिट्टीची वाचा गेली. मी आपली मनाची वाक्यं तिच्या तोंडी घालून पाहिली, तर एकीने लगेच लिहिलं, ही बिट्टी नाही वाटत, कुणी मोठं माणूस बोलतंय. बरोबर ओळखलं. मग म्हटलं, मारून टाकावी. मरणाऱ्याला फारसं बोलावं लागत नाही. वाचणाऱ्या रडतील, रडल्या की चार आठवडे तरी हलणार नाहीत. म्हणून फ्रिजवर कागद लावला — भाग बावन्न, शुक्रवार, मरते. पुढे नाव हिचं. कारण मी लिहिताना हिचंच नाव घालते, त्याशिवाय मला ते पोर डोळ्यांपुढे येत नाही, आणि शेवटी एका फटक्यात सगळीकडे बिट्टी करून टाकते. अठराव्या भागापासून असंच चाललंय. ती याच वर्षी वाचायला लागली, तुम्हीच शिकवलंत, मी पेढे — नाही, पेढे वाटायचं राहूनच गेलं, त्या दिवशी भाग द्यायचा होता.

मी नाही मारणार तिला. बिट्टीला, म्हणजे. मामाकडे पाठवते, बसतील वाचणाऱ्या बोंबलत. पण बाई, एक विचारू, ती इथे बोलते काय? एखादं सांगा ना. लहानसंच. लिहायला नव्हे हो, आई म्हणून विचारतेय... हा पेन? हातात असतोच तो माझ्या. ठेवला. हा बघा, ठेवला.

आली का बाहेरून? ये, अशी ये. घाबरू नकोस. तो कागद गोष्टीचा होता, तुझा नव्हता, तुला काही होणार नाहीये — चुकलं माझं. आता बाईंना सांग बरं, तुला काय वाटलं होतं ते. मी पण ऐकते.

“बाईंना सांगते. तू बाहेर थांब.”