पिल्लांना दम लागला तेव्हा

सन्माननीय अध्यक्ष लालासाहेब दादा, व्यासपीठावरची पाहुणे मंडळी, पाटणला बदली होऊन निघालेल्या आपल्या मत्स्य अधिकारी शालनताई चौगुले, आणि माझ्या बंधुभगिनींनो,

मी कृष्णात भोई, मच्छीमार सोसायटीचा चेअरमन. जाळं धरायची सवय, माईक धरायची नाही, सांभाळून घ्या.

ताई आल्या तेव्हा आमची अवस्था काय होती? बाहत्तरच्या दुष्काळात खोदलेल्या तलावात दोन वर्षं सोडलेलं माशांचं बीज वायाच गेलं होतं. यंदाही तसंच झालं, तर तलाव बाहेरच्या ठेकेदाराला द्यायचा, असं पंचायतीत ठरलेलं. त्यात साहेब म्हणून आल्या सांगलीच्या हळद व्यापाऱ्याच्या कन्या! जैन घर, मासा ताटात नाही. आमची रंगूबाई तोंडावरच म्हणाली, "आवं, खात न्हाई ते वाढवनार कसं?"

ताई हसल्या. म्हणाल्या, "खायचं नसलं की जीव लावून वाढवता येतं, मावशी."

रोहू-कटल्याची पिल्लं सोडली. रंगूबाईनं तर नातवंडांसारखी माया केली. कोंडा, पेंड, उरलेली भाकरी, सगळं पाण्यात. वैशाखातल्या एका सकाळी बघतो तर पिल्लं वर येऊन तोंडं उघडतायत. "भुकेजली गं बाई!" म्हणत ती टोपलं घेऊन धावली.

ताईंनी तिचा हात धरला. "भूक नाही, मावशी. दम लागलाय. न खाल्लेली पेंड तळाला कुजली, पाणी तापलंय, त्यातला प्राणवायू संपत आलाय. आता दाणासुद्धा टाकू नका."

गाव चिडलं. उपाशी मारते म्हणाले. मीही घाबरलो होतो. ताई मात्र पाण्याचं इंजिन मागायला थेट लालासाहेब दादांच्या बांधावर. दादांचं इंजिन तेव्हा उसाला पाणी देत होतं. दादांनी इंजिन बंद केलं, म्हणाले, "न्या गड्यांनो. ऊस दोन दिवस कळ काढंल, पिल्लं न्हाई काढायची."

विहिरीचं गार पाणी उंचावरून तलावात कोसळू लागलं. बाया-बापे कमरेइतक्या पाण्यात उतरून फांद्यांनी पाणी झोडपत होते. थोडी मेली, खोटं कशाला बोलू? पण दुपारपर्यंत बाकीची खाली गेली, आणि रंगूबाई काठावर बसून रडली.

मग ताईंनी दाटी कमी केली, निम्मी पिल्लं खालच्या तळ्यात सोडली. खाणं थोडं आणि वेळेवर. पिल्लं अशी फुगली म्हणता, की पहिल्या ओढीला माझं जुनं जाळं फाटलं! ठेकेदाराचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

ताई, तुमचे आभार कोणत्या शब्दांत मानू? दादांचे, पाहुण्यांचे, सगळ्यांचेच आभार. काही वेडंवाकडं बोललो असेन, तर पोटात घाला. बोलण्यासारखं लय आहे, पण रंगूबाईनं ताईंसाठी वेगळ्या चुलीवर डाळ-भात केलाय, आणि दिवस मावळायच्या आत त्यांना जेवायचंय. म्हणून खाली बसतो.