‘परंतु’च्या पुढे

बिश्केकच्या ग्रंथालयात संध्याकाळी कोट परत घ्यायला रांग लागली होती. प्राध्यापक दमिराबाईंच्या मागे चोल्पोन आणि तिलेक हे दोन विद्यार्थी उभे होते.

“उद्या पेपर, आणि माझ्या डोक्यात या लेखातली एकही ओळ शिरत नाहीये, तिलेक.”

“ओळ न् ओळ कशाला चावतेस? आधी लेखाची ठेवण बघ. सुरुवातीला विषयाची थोरवी, मग आधीचे लोक काय म्हणाले ते. मग येतो ‘परंतु’. त्याच्या पुढे लेखकाचं स्वतःचं म्हणणं, आणि मग पुरावे.”

“म्हणजे आमच्या मामाचं लग्नातलं भाषण! आधी डोंगर, घोडे, वाडवडील. मटण गार झालं की मग नवरा-नवरीचं नाव.”

“तेच ते! आता ‘परंतु’ शोधायला शीक.”

“शिकले की. आठवडाभर तू माझ्या हुशारीची थोरवी गायलीस. तुझी आई काय म्हणते, आजी काय म्हणते, तेही झालं. ‘परंतु’ कधी येणार?”

दमिराबाईंचा नंबर आला. त्यांनी पिशवीत हातमोजे शोधायचं सोंग केलं.

“परंतु… मला तू आवडतेस.”

“पुरावा?”

“हे बघ, चांदीचे कानातले. आईनं निवडलेत.”

“अरे गाढवा, ते मुलाच्या आईनं येऊन मुलीच्या कानात घालायचे असतात! तू काय खिशात घेऊन हिंडतोस?”

“मग आता?”

“बाई, कोट घेताय ना?” कोट देणाऱ्या मुलीनं दमिराबाईंना विचारलं.

“थांब गं, निष्कर्ष राहिलाय,” दमिराबाई कुजबुजल्या.

“आता काय?” चोल्पोन तिलेकला म्हणाली, “ पेपर झाला की आईला घेऊन आमच्या घरी ये. मामाला मी आवरते.”