मेन जेट

नाय, नाय — चोकचं नाव काढूच नका शिवराजसाहेब. तुम्ही बोट क्लबचे मॅनेजर, तुम्ही कागदं सांभाळा. मी बजाजनगरात बावीस वर्षं कार्बोरेटर उघडतोय. वास घ्या. घ्या की, नाक काय मागं घेता? हे पेट्रोल हाये? शी! घूस मेल्यासारखं घाणतंय. आणि ही वाटी, यात पेट्रोल साठतं — बुडाला काय हाये बघा. डिंक. अंगठा लावा, चिकटतोय. भरल्या टाकीनं बोट पावसाळाभर ताडपत्रीखाली ठेवली तुम्ही, मग तेच पेट्रोल चालवलं, दुसरं काय व्हणार? आणि वर लाल अक्षरात लिहिलंय — 'बचाव बोट'! थू.

आणि मी काय लिहून द्यायचं? म्हणे रामेश्वर ड्रायव्हरनं चोक ओढून ठेवला, इंजिन पेट्रोलनं भिजलं, म्हणून बंद पडलं. आवं, भिजलं असतं तर प्लग काळे, ओले निघाले असते. हे बघा — पांढरे, कोरडे ठणठणीत. पेट्रोल पोचतच नव्हतं! ही बारीक पितळी नळी, हिला म्हणायचं मेन जेट. उजेडाकडं धरा. दिसतं का छिद्र? नाय दिसत. गच्च. जागेवर चालायला इंजिनाला दुसरं छिद्र हाये, ते उघडं हाये, म्हणून किल्ली मारली की चालू व्हतं. पर स्पीड दिली की उपाशी मरतं. आणि ही जेट बोट — पाणी ओढून मागं फेकती तवा पुढं जाती. स्पीडच नाय तर जाणार कुठं?

तेच झालं ना त्या दिवशी. पायडल बोट उलटली, चार जण पाण्यात. रामेश्वरनं किल्ली मारली, काठापासून चाळीस फूट गेला, स्पीड दिली — गप. परत चालू, परत स्पीड — परत गप. सात वेळा. तवर तो मासे धरणारा माऊली हातानं वल्ही मारत पोचला, तिघं काढले त्यानं. करमाडच्या वच्छलाबाई पाण्यातच राहिल्या. साठीची बाई, पहिल्यांदा नावेत बसली, पोरानं हौसेनं आणली होती. आणि लोकांनी मारलं कुणाला? रामेश्वरला. परवा आला होता तो, तुम्ही बसलाय त्याच डब्यावर बसला. रडला नाय. एवढंच म्हणला, भिकनभाऊ, माझं काय चुकलं? मी काय म्हणलो? म्हणलो, इंजिन आलं की बघतो. बघतो! काय बघायचं होतं? मला माहीत होतं, न उघडता माहीत होतं —

असं काय बघता? व्हय, दिवाळीआधीच्या सर्व्हिसच्या कागदावर सही माझी हाये. म्हणून तर तुम्ही मघाधरनं म्हणताय, आपण दोघंबी वाचतो. तुम्हाला वाटतंय कार्बोरेटर मी साफ केला होता, घाण नंतर बसली. नाय साहेब. मी उघडलाच नाय. चार स्क्रू होते. चार! इंजिन तापू नये म्हणून पाण्याची नळी जोडली, जागेवर इंजिन चालवलं, गोड वाजत होतं. म्हणलं, वाजतंय की, कशाला हात काळे करा, जेवायची वेळ झालीय. लिहिलं — चालू, ठीक. जेवलो, आडवाबी झालो. तिथंच उघडला असता तर पाव तासाचं काम हो. बाई बुडाल्याला तीन आठवडे झाले, भाकरी मोडायला घेतली की हाताला ह्योच वास येतो. आमची रत्नमाला म्हणती, साबण बदला. तिला काय सांगू? तुमची किळस येती मला, खोटं कशाला बोलू, पर आरशातबी तेच तोंड दिसतंय.

नाय. तो कागद खिशात घाला. सही व्हणार नाय. आणि कार्बोरेटरबी मिळायचा नाय — जेट, प्लग, वाटी, सगळं पिशवीत बांधून ठाण्यात देतो, आणि सांगतो. तुमची ताडपत्री सांगतो, माझे चार स्क्रूबी सांगतो. जेल तर जेल. फोन कुणाला लावता? लावा, खुशाल लावा. पर आधी ती बोटीची ट्रॉली दारातून काढा, माझी गाडी मागं अडकलीय. — उठा म्हणलं ना.